बारामती-इंदापूरच्या वाटेवरील मरणाचे भान
आषाढी वारीसाठी देहूहून निघणारी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर असा मार्ग कापत नीरेकाठच्या सराटीला पोचते. इ.स. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी सुरू केलेल्या या सोहळ्यात ज्यांचे अभंग गायिले जातात, त्या तुकोबांनी आपले मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिल्याचा आनंदही एका अभंगात सांगितला आहे. हे मरण देहाचे नसून ‘मी’ आणि ‘माझे’ या अभिमानाचे आहे, आणि तो गळाला म्हणजे उरलेले आयुष्य मोकळेपणाने व सावधपणे जगता येते, असा त्याचा आशय घेतला जातो.

मरणाकडे असे सावधपणे पाहणे बौद्ध परंपरेतही आहे; तिथे मृत्यूचे नित्य भान ठेवण्याच्या साधनेला ‘मरणसती’ म्हणतात. ‘सती’ म्हणजे पाली भाषेत जागृत स्मरण. तुकोबांचे भान मात्र पुस्तकी नव्हते, कारण १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही दगावला, आणि या आघातानंतरही त्यांनी संसार न सोडता लोकांमध्ये राहूनच विठ्ठलभक्ती केली.

वारीत अभिमान गळण्याचा हा विचार प्रवचनापेक्षा वागण्यातून अधिक उमटतो, हे तिचे मोठेपण आहे. काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात आणि मेंढ्या तिच्याभोवती रिंगण धरून धावतात. वाटेत वयोवृद्ध वारकरी जात, वय वा मानमरातब न पाहता अनोळखी तरुणाच्याही पायांवर डोके ठेवतो, आणि तो तरुणही वाकून त्याला ‘माउली’ म्हणतो.