पंच नसलेले राज्य

८ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने याने बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. दोन्हीकडे मराठी बोलणारे, जेजुरीच्या खंडोबाला नवस करणारे स्वार होते. पुढे सतरा दिवसांनी, ऐन दिवाळीत, हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजाही हरल्या आणि दुसरे बाजीराव पुणे सोडून पळाले. शाळेच्या पुस्तकात हे सारे ‘अंतर्गत कलह’ म्हणून दोन ओळींत उरकते. खरे तर ती उघड यादवी होती.

यादवी म्हटली की आपण धर्म, जात, वंश यांचे वैर शोधू लागतो. इथे तसले काहीच नव्हते. मग लोक लढले कशासाठी?

उत्तरासाठी बारामतीतच साठ वर्षे मागे जावे लागते. १७४० मध्ये थोरले बाजीराव वारले, तेव्हा बारामतीच्या बाबूजी नाईकांनी पेशवेपदावर दावा सांगितला. नाईक हे सावकारी घराणे. बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घरात दिलेली. पेशव्यांकडे नाईकांचे कर्ज थकलेले, पाठीशी नागपूरचे रघूजी भोसले. पैसा होता, फौजबंद पाठीराखा होता, घरोब्यातला कडवटपणाही होता. तरीही तलवार उपसली गेली नाही, कारण साताऱ्याला शाहू छत्रपती होते. त्यांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांना दिली आणि नाईकांना तो निकाल गिळावा लागला.

१८०२ मध्ये निकाल देणारा कोणी उरला नव्हता. महादजी शिंदे १७९४ मध्ये गेले, सवाई माधवराव १७९५ मध्ये, नाना फडणवीस १८०० मध्ये. छत्रपती साताऱ्यात नावापुरते. आणि जो पेशवा सरदारांची भांडणे तोडायचा, तोच एका बाजूचा वादी होऊन बसला. १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारल्यावर दौलतराव शिंद्यांनी वारसाच्या तंट्यात हात घातला. त्यांच्या फौजेने तुकोजींचे पुत्र मल्हारराव यांना पुण्यात ठार केले. १८०१ मध्ये बाजीरावांनी यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना हत्तीच्या पायी दिले. हा शुद्ध अविचार होता. त्यानंतर यशवंतरावांशी बोलणी झाली, पत्रे गेली-आली. मल्हाररावांच्या लहानग्या मुलाला शिंद्यांच्या कैदेतून सोडा, ही मागणी काही अवाजवी नव्हती. पण विठोजीला मारणाऱ्याच्या शब्दावर यशवंतरावांनी फौज मागे कशी न्यावी? आणि भावाचा सूड मनात धरलेल्याला बाजीरावांनी पुण्याजवळ येऊ कसे द्यावे? आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक जेम्स फिअरन आणि बार्बरा वॉल्टर यांनी यादवीच्या मुळाशी हीच अडचण दाखवली आहे: तडजोड दोघांनाही परवडणारी असते, पण ती पाळली जाईल याची हमी घ्यायला कोणी नसते.

पैशाची बाजूही विसरू नये. गादीसाठी बाजीरावांनी शिंद्यांना दोन कोटी रुपये कबूल केले होते. खजिन्यात ते नव्हते, म्हणून १७९८ मध्ये शिंद्यांचे कारभारी सर्जेराव घाटगे यांनी पुण्याचे सावकार आणि मुत्सद्दी अक्षरशः पिळून काढले. पगार थकलेली पलटण लुटीवर जगते, आणि लुटीवर जगणाऱ्या पलटणीला तह नको असतो. पॉल कोलियर आणि आंके हॉफलर यांनी यादवीत गाऱ्हाण्यांपेक्षा लाभाचे गणित मोठे असते असे मांडले, तेव्हा वाद झाला. १८०२ पुरते मला वाटते, गाऱ्हाण्याने आग लावली आणि थकलेल्या पगाराने ती विझू दिली नाही.

सुदान आज याच वाटेने गेला आहे. लष्करप्रमुख बुरहान आणि निमलष्करी फौजेचा प्रमुख दगालो यांनी २०२१ मध्ये मिळून सत्ता बळकावली. दगालोची फौज सैन्यात कधी आणि कोणाच्या हुकमाखाली घ्यायची, यावर एप्रिल २०२३ मध्ये दोघांत युद्ध पेटले. आधी शस्त्र ठेवणारा दुसऱ्याच्या हाती सापडणार, हे दोघेही जाणून होते.

अशा वेळी बाहेरचा हमीदार हजरच असतो. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने बाजीरावांना तो मिळाला. इंग्रजांची सहा पलटणींची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख आणि परराज्याशी बोलणी करायची तर इंग्रजांना विचारून. मे १८०३ मध्ये बाजीराव गादीवर परत बसले, सरदारांच्या धाकातून सुटून इंग्रजांच्या धाकात.

संघर्षांची आकडेवारी ठेवणारे वर्षाला लढाईतले १००० मृत्यू हा यादवीचा एक प्रचलित निकष धरतात. बारामती-इंदापूरसारख्या टापूला तो तोकडा पडतो. फौजा गेल्या त्या वाटेवर उभी पिके, वैरण, पेवांतले धान्य संपले. १८०३ मध्ये पाऊस दडला आणि भीषण दुष्काळ पडला. या भागात एरवीही पाऊस बेताचाच. पण घरात वर्षाची ज्वारी असती तर कुणबी गाव सोडून गेला नसता. या यादवीतले किती मृत्यू भुकेचे, हे कुठल्याच लढाईच्या हिशेबात नाही. उजाड इंदापूर नंतरही सावरले नाही. इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याच्या चढ्या सारा-आकारणीने त्याला आणखी दाबले. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी पहिली तीस वर्षांची जमाबंदी बसवली ती इंदापुरातच. सारा उतरवल्यावर पडीक राने पुन्हा लागवडीला येऊ लागली. तोवर यशवंतराव होळकरांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती आणि पेशवाई कधीच बुडाली होती.