संकरित मोटार घ्यावी का?

मालवणहून कुडाळला जाताना चढउतार आणि वळणे यांमुळे ब्रेक वारंवार दाबावा लागतो. साध्या मोटारीत तेव्हा गतिज ऊर्जेची उष्णता होऊन ती वाया जाते. संकरित, म्हणजे हायब्रिड, मोटारीत इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटर असते. वेग कमी करताना तीच जनित्र बनून बॅटरी भरते.

पण बॅटरीत मावते किती? माणसांसह 1500 किलोची गाडी आंबोली घाटात 500 मीटर खाली उतरली, तर सुमारे 75 लाख ज्यूल, म्हणजे 2 युनिट ऊर्जा मोकळी होते. 2022 साली भारतात आलेल्या संकरित ग्रँड व्हिटाराची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची. घर्षण आणि हवेचा रोध वजा केला तरी घाट संपण्याआधीच ती भरते.

आता आपण हिशेब करू. समजा, वर्षाला 12,000 किमी प्रवास आहे. साधी गाडी लिटरला 16 किमी धावते, संकरित 24. बचत 250 लिटर. 100 रुपये दराने 25,000 रुपये. किमतीतला फरक अडीच लाख असेल, तर तो फिटायला 10 वर्षे लागतील! पर्यटकांसाठी वर्षाला 40,000 किमी धावणाऱ्या भाड्याच्या गाडीला मात्र तीनच वर्षे.

हे गणित वर्गात आपल्या गावच्या आकड्यांनी जरूर सोडवून घ्यावे, असे आम्ही सुचवतो.