संत चोखामेळा यांचे नेतृत्व आणि वारकरी परंपरेचे पाठबळ

महाराष्ट्राच्या धर्मजीवनात वारकरी संप्रदायाचे स्थान अनन्यसाधारण आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील संतांना या संप्रदायाने मान दिला, हे सर्वमान्य आहे. परंतु मान देणे आणि नेतृत्वाला पाठबळ देणे या दोन भिन्न बाबी होत. प्रस्तुत लेखात संत चोखामेळा यांच्या संदर्भात या भेदाचा विचार केला आहे.

बुलडाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव मानले जाते. (मंगळवेढा व पंढरपूर यांचीही नावे घेतली जातात, वऱ्हाडकरांचा ओढा मेहुणा राजाकडे असणे स्वाभाविकच आहे.) महार समाजात जन्मलेल्या चोखोबांना नामदेवांच्या संतमेळ्यात आधार मिळाला. त्यांचे सुमारे साडेतीनशे अभंग आज उपलब्ध आहेत. ते अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा यांचीही रचना टिकली. विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारणारी एका संपूर्ण कुटुंबाची वाणी जतन व्हावी, हे त्या काळातील मोठेच पाठबळ म्हटले पाहिजे.

त्याची मर्यादा मात्र मंदिराच्या दाराशी दिसते. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या व महाद्वारासमोर समाधी बांधली. समाधी बाहेरच राहिली आणि पुढे सहा शतके चोखोबांच्या समाजाची वारी तिथेच थांबत होती. नामदेवांची आत्मीयता निःसंशय होती; पण मंदिराचे नियम ठरविण्याचा अधिकार ना त्यांच्याकडे होता, ना चोखोबांकडे.

ही कोंडी फोडण्यासाठी साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ या काळात पंढरपुरात उपोषण केले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. गाडगे महाराजांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. प्रवेश देणाऱ्याच्या हातात दाराची किल्ली राहते; वास्तूच स्वाधीन केली की निर्णयही हस्तांतरित होतो. या दृष्टीने गाडगे महाराजांच्या कृतीची चर्चा फारच कमी झाली आहे.

डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. १९५६ मध्ये मात्र बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यानंतर त्यांच्या अनुयायांत चोखोबांविषयी दुरावा वाढला. त्यास कृतघ्नता म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या परंपरेत आपला संत पायरीच्या बाहेर राहिला, तिच्यात आपले नेतृत्व कसे वाढणार, हा त्यामागील प्रश्न रास्त होता.

पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ ने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. न्यायालयीन वाद संपून सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येण्यास २०१४ उजाडले. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले. फडांच्या गाद्यांना हा कायदा लागू नाही. अनेक फडांची गादी आजही घराण्यातच चालते.