खरोसा : जांभ्याच्या टेकडीतली लेणी
लेखमाला 'गावशिवार' : भाग ६

निलंगा आणि औसा यांच्या मधल्या पट्ट्यातून जाताना दोन्ही बाजूंना काळी कसदार जमीन दिसते. त्यात तूर, हरभरा, सोयाबीन आणि अधूनमधून ज्वारी असते. खाली तेरणा मांजरेच्या ओढीनं आग्नेयेकडे निघालेली असते, निलंगा तालुक्यातच पुढे ती मांजरेला मिळते. या काळ्या शिवारात खरोशाजवळ अचानक तांबडी टेकडी उभी राहते. लातूरपासून साधारण ४५ किलोमीटरवरचं हे औसा तालुक्यातलं लहानसं गाव. सहाव्या शतकातली मानली जाणारी लेणी या टेकडीच्या पोटात आहेत.

लेणी म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं आणि काळा बेसाल्ट डोळ्यांपुढे येतो. खरोशाचा दगड मात्र जांभा आहे. कोकणात घराच्या भिंतीला जो चिरा लावतात, त्याच जातीचा. मराठवाड्यात जांभा आला कुठून, असं अनेकांना वाटतं. तो बाहेरून आलेला नाही, इथल्याच बेसाल्टपासून तयार झाला आहे. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांच्या माऱ्यात लाखो वर्षं बेसाल्ट कुजत राहिला. त्यातली सिलिका आणि क्षार पाण्याबरोबर वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तांबडा रंग लोहाचा. हाच थर पुढे बीदरच्या पठारावर पसरलेला आहे, बीदरचा किल्ला त्यावरच उभा आहे.

या तांबड्या टोपीखाली किती जाड बेसाल्ट आहे, हे आपल्याला एका दुःखद कारणानं कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, किल्लारी याच औसा तालुक्यातली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे ६१७ मीटर खोल विंधण घेतलं. बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला, मधे जेमतेम आठ मीटरचा गाळाचा थर लागला आणि त्याखाली प्राचीन खडक सुरू झाला.

जमिनीत असताना जांभा ओलसर आणि मऊ असतो, उघड्यावर आला की वाळून कठीण होतो. खोदणाऱ्याला त्याची मदत होते. बेसाल्ट फोडायला जेवढी माणसं, हत्यारं आणि वर्षं लागतात, त्यापेक्षा कमी बळात इथे मोठं दालन काढता येतं. मात्र हा दगड मधाच्या पोळ्यासारखा छिद्रांनी भरलेला, त्यात बारीक नक्षी धरत नाही. बोटातली अंगठी, वस्त्राची चुणी, पापणीची कड, यातलं काहीच त्यात नेमकं उठत नाही.

म्हणून खरोशाची शिल्पं वेगळ्या नजरेनं पाहावी लागतात. इथे नरसिंह आहे, शिव-पार्वती आहेत, कार्तिकेय आहे, रावण आहे; रामायण-महाभारतातले प्रसंग भिंतींवर आहेत. चेहरे आज बहुतेक पुसट झाले आहेत. तरी शरीराचा झोक, उचललेला हात, टेकलेला गुडघा यांवरून प्रसंग ओळखू येतो. दागिन्यांवर भिस्त ठेवायची सोयच नसल्यानं शिल्पकारानं सगळा जोर देहबोलीवर दिला, असं मला वाटतं. वेरूळच्या कैलासावरही रामायण-महाभारताचे पट आहेत, पण कैलास आठव्या शतकातला. महाकाव्यं दगडात सांगण्याची दख्खनमधली ही खटपट किती आधीची आहे, हे खरोशात दिसतं. एवढ्यासाठी तरी या गावाचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

माहितीत या लेण्यांना सरसकट 'गुप्तकालीन' म्हणतात. तो फक्त काळाचा निर्देश समजावा. गुप्तांचं राज्य इथे नव्हतं. दख्खनमध्ये वाकाटकांचा जोर ओसरल्यानंतरचा, कलचुरी आणि बदामीचे चालुक्य पुढे येण्याचा तो काळ आहे.

आधुनिक अभ्यासकांत जेम्स बर्जेस इथे लवकर पोहोचला. १८७५-७६ च्या हंगामातल्या त्याच्या पाहणीचा वृत्तांत १८७८ साली छापून आला. तो बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या प्राचीन अवशेषांवर आहे आणि त्यात हे गाव 'करूसा' म्हणून येतं. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. निलंगा तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. मग उस्मानाबादला जोडला गेला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर इकडे आला. जिल्हे बदलत गेले की गावाचे कागदही फिरतात. अशा गावांचा इतिहास विस्कळित राहतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

खरोसा पाहून निलंग्याच्या नीळकंठेश्वर मंदिरात यावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. कित्येक शतकांनंतरचं हे हेमाडपंती मंदिर काळ्या दगडाचं आहे. बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरींचे अलंकार बारीकसारीक तपशिलांसह टिकून आहेत. कठीण दगडानं कारागिराचे कष्ट वाढवले, पण त्याची रेघ जपली.

खरोशाचा दगड ही रेघ जपू शकत नाही. जांभ्यात पाऊस झिरपतो, छतातून आणि भिंतीतून उतरतो, आणि दर पावसाळ्यात मूर्तीचा थोडा भाग पावडर होऊन गळतो. इथल्या जतनाची सुरुवात पाण्यापासून व्हायला हवी. टेकडीच्या माथ्यावर पडणारं पाणी लेण्यांपासून दूर काढून द्यावं, छतावर मुळं रुजू देऊ नयेत. आणि सिमेंटचा गिलावा मुळीच नको. सिमेंटमागे ओल अडकते आणि जांभा आतून अधिक वेगानं सुटतो. सोबतच प्रत्येक पटाची आजच्या स्थितीत मोजमापं आणि छायाचित्रं घेऊन ठेवायला हवीत. हे काम निलंगा-औशाच्या महाविद्यालयांतली इतिहासाची मुलं एका उन्हाळ्यात करू शकतील. टेकडीवर रेणुकामातेचं मंदिर आहे, जवळच मशीद आहे, दोन्हीकडे माणसांचा राबता असतो. गावाचा पाय इथून सुटलेला नाही, ही या लेण्यांची मोठी जमेची बाजू आहे.

पुढच्या भागात औशाचा भुईकोट आणि त्याची दुहेरी तटबंदी.