काचेंतला समुद्र कसा सावरावा

सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत, दुधनी हें गांव आहे. येथें मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं नांदतात, बाजारांत तुरीची उलाढाल चालते, आणि उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो. कोंकणचा समुद्र येथून सरळ रेषेनें मोजला तरी तीनशें किलोमीटरांहून दूर. अशा गांवीं एखाद्या घराच्या बैठकींत शंभर लिटरांची खाऱ्या पाण्याची काचटाकी असावी, तींत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउन मासे, एक कोळंबी, चार गोगलगायी आणि खडकावर डोलणारें एखादें मऊ पोवळें असावें, ही गोष्ट एके काळीं कोणास खरी वाटली नसती. आज ती शक्य झाली आहे. परंतु जें शक्य झालें तें सोपें झालें, असें मात्र नव्हे.

समजा, अशा टाकींत एके सकाळीं कोळंबी उलटी पडलेली दिसली, दोन दिवसांनीं एक मासा गेला, आणि आठवड्याच्या आंत दुसराही तळाशीं निपचित पडला. घरांतलीं मुलें हिरमुसलीं. अशा वेळीं नवशिका गृहस्थ बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. एक तर टाकी रिकामी करून माळ्यावर टाकतो, नाहीं तर पुढच्याच आठवड्यांत मुंबई-पुण्याहून नवे मासे आणून त्याच पाण्यांत सोडतो. पहिल्या मार्गानें छंद मरतो. दुसऱ्या मार्गानें पुन्हां मासेच मरतात. दोन्ही टाळावयाचे असतील तर आधीं या टाकीचा व्यवहार कसा चालतो तें समजून घेतलें पाहिजे.

इ. स. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं पहिलें मत्स्यालय उघडलें. आपल्याकडे मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. त्याच्या दाराशीं समुद्र होता. दुधनीच्या टाकीला तो नाहीं. येथें समुद्र हातानें बनवावा लागतो, आणि तो बनविणारे खरे कारागीर डोळ्यांना दिसत नाहींत. मासा जें खातो त्याचा मळ, उरलेलें अन्न आणि मेलेले जीव यांच्या कुजण्यांतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. खडकांत आणि वाळूंत राहणारे एक प्रकारचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात, आणि हें नायट्रेट पहिल्या दोहोंच्या मानानें पुष्कळच निरुपद्रवी असतें. हें काम केवळ रासायनिक नसून सजीवांचें आहे, हें श्लोझिंग व म्युंट्झ या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं दाखविलें, आणि पुढें विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ते जंतु वेगळे करून ओळखले. नव्या टाकींत या जंतूंची वस्ती जमण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. वस्ती जमण्यापूर्वींच मासे भरले, कीं विष वाढतें. एक जीव मरतो, त्याच्या कुजण्यानें विष आणखी वाढतें, आणि मग मृत्यूंची सांखळीच लागते.

तथापि प्रत्येक मृत्यूचें खापर अमोनियावर फोडणें योग्य नाहीं. कोण मेलें आणि कोणत्या क्रमानें मेलें, हा पहिला पुरावा होय. एका रात्रींत सगळेच गेले असतील तर प्राणवायूची तूट, अतिउष्णता अथवा एखादें विष यांचा संशय घ्यावा. मासे कांहीं दिवसांच्या अंतरानें, अंगावर पांढरे ठिपके उठून किंवा धापा टाकीत गेले असतील, तर तो परजीवींचा रोग असण्याचा संभव अधिक. मासे ठीक, पण कोळंबी व गोगलगायी गेल्या असतील, तर खारेपणांतील एकाएकीं झालेला फरक, तांब्याचें औषध किंवा घरांत मारलेला डांसांचा फवारा यांकडे लक्ष द्यावें. कीटकांना मारणारें द्रव्य कोळंबीलाही मारतें, कारण दोघांची शरीररचना जवळची आहे. आणि टाकीचा हवेचा पंप खोलींतलीच हवा ओढून पाण्यांत सोडीत असतो.

पहिल्या दिवशीं करावयाचीं कामें थोडीं, पण निश्चित आहेत. मेलेले जीव शोधून ताबडतोब काढावे. खडकामागें दडलेली एक गोगलगायही लहान टाकीस पुरेशी घातक ठरते. मग उष्णतामान, खारेपणा, अमोनिया, नायट्राइट आणि पाण्याचा अल्कधर्मीपणा मोजून वहींत लिहावा. अमोनिया आढळल्यास, आधींच विरघळवून ठेवलेल्या आणि टाकीइतक्याच उष्ण व खाऱ्या पाण्यानें तीस टक्के पाणी बदलावें. एका बदलानें विष शंभराचें सत्तर होतें, दुसऱ्या दिवशींच्या बदलानें एकोणपन्नास. म्हणजे दोन दिवसांत तें निम्म्यावर येतें. विषाचा संशय असेल तर गाळणींत सक्रिय कोळसा ठेवावा. पाणी जोरानें हलतें ठेवावें आणि एक-दोन दिवस अन्न देऊं नये. अमोनिया असतांना पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढविणारीं द्रव्यें मात्र घालूं नयेत, कारण त्या योगें अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपांत जातो. घाबरून गाळणीचा स्पंज नळाखालीं धुणें, वाळू उपसणें, खडक घासणें, या गोष्टी तर कटाक्षानें टाळाव्या. ज्या जंतूंच्या आधारानें टाकी सावरावयाची, तेच त्यानें धुवून जातात. स्पंज धुवावयाचाच असेल तर टाकींतून काढलेल्या पाण्यांत धुवावा.

दुधनीसारख्या कोरड्या व उष्ण गांवीं कांहीं कारणें विशेष संभवतात. त्यांतलें पहिलें बाष्पीभवन. वाफ होऊन पाणी जातें, मीठ जात नाहीं. शंभर लिटरांच्या टाकींत दर लिटरास पस्तीस ग्रॅम या हिशेबानें साडेतीन किलो मीठ असतें. आठवड्यांत दहा लिटर पाणी उडालें आणि नवशिक्यानें त्या जागीं दहा लिटर खारें पाणी घातलें, तर साडेतीनशें ग्रॅम मीठ वाढलें. चार आठवडे असेंच चालल्यास लिटरामागें एकूणपन्नास ग्रॅम मीठ होतें. इतक्या खाऱ्या पाण्यांत कोळंबी कशी टिकावी? म्हणून उडालेल्या पाण्याची भर नेहमीं गोड्या, शुद्ध पाण्यानेंच आणि रोज थोडीथोडी घालावी; खारें पाणी केवळ पाणी बदलतांना वापरावें. वाढलेला खारेपणा उतरवावयाचा झाल्यास तोही कांहीं दिवसांत हळूहळू उतरवावा.

दुसरें कारण पाण्याचें. बोअरच्या पाण्यांत क्षार असतात, नळाच्या पाण्यांत क्लोरीन. घरगुती शुद्धीकरण यंत्राचें पाणी बरें खरें. परंतु चव यावी म्हणून पुष्कळ यंत्रांत थोडें मूळ पाणी पुन्हां मिसळण्याची सोय असते. पिण्यास तें उत्तम, पोवळ्यास नव्हे. क्षारमापकावर आंकडा शून्याजवळ येईल असेंच पाणी घ्यावें.

तिसरें कारण मिठाचें. स्वयंपाकाचें किंवा मिठागराचें मीठ म्हणजे समुद्राचें मीठच, असा समज सहज होतो. वस्तुतः मिठागरांत पाणी आटतांना चुन्याचे क्षार आधीं खालीं बसतात, मग खाण्याचें मीठ जमतें, आणि मॅग्नेशियमचे बहुतेक क्षार उरलेल्या कडू पाण्यांत राहून जातात. समुद्राच्या एका लिटरांत मॅग्नेशियम सुमारें १३०० मिलिग्रॅम व कॅल्शियम सुमारें ४०० मिलिग्रॅम असतें, आणि पोवळें आपलें घर त्या कॅल्शियमचेंच बांधतें. म्हणून मत्स्यालयासाठीं बनविलेलें मिश्र मीठच वापरणें भाग आहे.

चौथें कारण उष्णता आणि वीज. पोवळ्यांच्या टाकीस पंचवीस-सव्वीस अंश मानवतें. तीस अंशांपलीकडे धोका वाढत जातो. खाऱ्या पाण्यांत प्राणवायू गोड्या पाण्याहून कमी मावतो, आणि पाणी तापलें कीं आणखी कमी. भर दुपारीं वीज गेली व पंप थांबला, तर तास-दोन तासांत मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागणें शक्य आहे. यावर उपाय दोन. विजेरीवर चालणारा हवेचा लहान पंप सदैव तयार असावा. आणि पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा पंखा असावा. कोरड्या हवेंत पंख्यानें पाणी कांहीं अंश सहज उतरतें. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, तेंच हें कारण. मात्र पंख्यानें पाणी अधिक उडतें, हें ध्यानांत ठेवून भरही वाढवावी लागते.

रोगानें मासे गेले असतील तर उपचाराची दिशा वेगळी. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशावर पोसून खालीं गळतो, तळाशीं कवच करून राहतो आणि तेथून नवी पिल्लावळ पोहत निघते. तिला मासा न मिळाल्यास ती मरते. म्हणून टाकी सुमारें अडीच महिने माशांवांचून ठेवणें हाच खात्रीचा इलाज होय. उरलेले मासे वेगळ्या साध्या टाकींत ठेवून तेथें त्यांवर औषध करावें. तांब्याचें औषध मुख्य टाकींत कधींही घालूं नये, कारण तें कोळंबी, गोगलगाय आणि पोवळें यांस प्राणघातक आहे.

पुन्हां जीव आणण्याची घाई करूं नये. टाकींत एकही जीव उरला नसेल, तर मोजका अमोनिया घालून चोवीस तासांनीं पाणी तपासावें. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आढळलीं म्हणजे जंतूंची वस्ती जमली असें समजावें. मग प्रथम एक-दोन गोगलगायी, दोन-तीन आठवड्यांनीं एक मासा, आणि पोवळें सर्वांत शेवटीं, असा क्रम ठेवावा.

येथें आणखी एका जबाबदारीचा विचार करणें अवश्य आहे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याखालीं पोवळ्यांना २००१ सालीं पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें. मालवणजवळचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथील खडकावरचें पोवळें, मग तें मेलेलें कां असेना, उचलून आणणें हा गुन्हा आहे. म्हणून पोवळें घ्यावयाचें तर तें कायदेशीर मार्गानें आलें आहे कीं नाहीं, हें कागदपत्र पाहूनच ठरवावें. क्लाउन माशाची पैदास मात्र बंदिस्त टाक्यांत होऊं शकते, आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें तिची पद्धति आपल्या देशांत सिद्ध केली आहे. असा टाकींतच जन्मलेला मासा समुद्रांतून पकडलेल्या माशापेक्षां टाकींत लवकर रुळतो, आणि त्याच्यासाठीं समुद्र रिता होत नाहीं.

मेलेल्या माशाच्या जागीं दुसरा आणणें पैशानें होतें. त्याला जगविणें मात्र पैशानें होत नाहीं. त्यासाठीं रोज एक आंकडा वहींत लिहिण्याची संवय लागते. दुधनीच्या त्या घरांतील मुलांच्या हातीं नवा मासा देण्याआधीं ती वही दिली, तर पहिले मासे अगदींच व्यर्थ गेले असें म्हणतां येणार नाहीं.