मानसागरातील पाच बेटे

रजा प्रवास सवलतीवर जयपूरला जाणाऱ्या दांपत्याचा दिनक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी आमेरचा किल्ला, दुपारी हवामहल व जंतरमंतर आणि सायंकाळी बापू बाजारात लाखेच्या बांगड्या व मोजड्यांची खरेदी. आमेरच्या वाटेवर वाहन पाच-दहा मिनिटे थांबते, मानसागर तलावाच्या मधोमध उभ्या असलेल्या जलमहालाकडे पाठ करून दोघांचे छायाचित्र निघते आणि प्रवास पुढे सुरू होतो. या तलावाच्या काठी अवघा दिवस निवांतपणे घालवावा, असे क्वचितच कोणाला सुचते. ज्यांना सुचते, त्यांना मात्र जलमहालाच्या पलीकडे पाण्यात हिरवट ठिपक्यांसारखी दिसणारी आणखी काही बेटे आढळतात. त्यांचा उल्लेख वाटाडे सहसा करीत नाहीत.

मानसागर हा नैसर्गिक तलाव नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर आमेरच्या राजांनी दोन टेकड्यांमधील खिंडीत बांध घालून दर्भावती नदीचे पाणी अडविले, आणि पुढे सतराव्या शतकात त्या बांधाला दगडी चिरेबंदी स्वरूप मिळाले. तलावाचा विस्तार सुमारे ३०० एकर असून तो भरला की सर्वांत खोल जागी साडेचार मीटरपर्यंत पाणी असते. जलमहालाला आजचे रूप अठराव्या शतकात आले. त्याचे पाच मजले असून तलाव तुडुंब भरल्यावर त्यांपैकी चार पाण्याखाली जातात व वर दिसतो तो केवळ एक. हा राहण्याचा महाल नव्हताच. राजपरिवाराच्या जलविहारासाठी आणि बदकांच्या शिकारीच्या वेळी विसाव्यासाठी त्याचा उपयोग होत असे, असे सांगितले जाते.

शिकार थांबली तरी पक्ष्यांचे दिवस पालटले नाहीत. जयपूर वाढत गेले आणि ब्रह्मपुरी व नागतलाई या दोन नाल्यांमधून शहराचे सांडपाणी थेट तलावात उतरू लागले. तळाशी गाळ साठला, पृष्ठभागावर जलपर्णी पसरली आणि एके काळी राजांच्या करमणुकीचे स्थान असलेल्या काठावरून लोक नाकाला रुमाल लावून जाऊ लागले. कोल्हापूरच्या रंकाळ्याचे दुखणे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हे चित्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

२००२ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेखाली मानसागराच्या पुनरुज्जीवनासाठी २४ कोटी ७२ लाख रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. त्यात केंद्राचा वाटा ७० टक्के व राज्याचा ३० टक्के होता. नाल्यांची दिशा बदलण्यात आली, गाळ उपसण्यात आला. तथापि एक अडचण उरलीच. जयपूरला वर्षाकाठी साधारण ६५ सेंटीमीटर पाऊस पडतो व तोही मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि उथळ तलावातील पाणी पाहता पाहता उडून जाते. नाले बंद केले तर तलाव कोरडा पडणार आणि चालू ठेवले तर सडणार! यावर योजलेला उपाय असा, की सांडपाणी आधी शुद्धीकरण केंद्रात न्यायचे, मग वनस्पती लावलेल्या कृत्रिम पाणथळीतून सावकाश झिरपू द्यायचे आणि त्यानंतरच तलावात सोडायचे. पाणवनस्पतींच्या मुळांभोवती वाढणारे सूक्ष्मजीव पाण्यातील घाण विघटित करतात, तर नत्र व स्फुरद यांचा काही अंश वनस्पती स्वतःच्या वाढीसाठी घेतात. हीच द्रव्ये तलावात पोहोचली असती, तर त्यावर शेवाळ व जलपर्णी पोसली गेली असती.

याच कामात पक्ष्यांच्या विणीसाठी पाच छोटी बेटे रचण्यात आली. बेटाचे महत्त्व पक्ष्याच्या दृष्टीने अगदी व्यावहारिक आहे. भोवती पाणी असल्याने कुत्री, मांजरे व कोल्हे सहजी घरट्यापर्यंत पोहोचत नाहीत. बेटावरील झाडेझुडपे बगळे व पाणकावळ्यांना रात्रीच्या वस्तीसाठी उपयोगी पडतात, आणि कडेच्या उथळ चिखलात शेकाट्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्यांना किडे-अळ्या मिळतात.

आता दिवसाविषयी. जयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, सुमारे २७ अक्षांशावर, उपोष्ण कटिबंधात येते. जानेवारीत पहाटे येथे आठ अंशांच्या आसपास थंडी असते. त्यामुळे स्वेटर व चहाचा थर्मास बरोबर असावा. आमेर रस्ता तलावाच्या पश्चिमेला असल्याने सूर्य महालाच्या मागून वर येतो आणि पहिला तासभर सर्व काही काळ्या आकृतींसारखे दिसते. धुके विरल्यावर रंग उमटू लागतात. कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी, रुंद चोचीचे थापटे, सुईसारख्या शेपटीचे तलवार बदक, आणि क्षणात बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येणारी टिबुकली. भिगवणला जाऊन आलेल्यांची यांतील अनेकांशी ओळख असतेच. यांपैकी बदके मध्य आशिया व सायबेरियातून हिवाळ्यापुरती येतात. साधी दुर्बीण असल्यास दोघांनी आळीपाळीने पाहावे. एकाने पाहावे व दुसऱ्याने नोंद करावी, हे अधिक रंगते.

बेटावर जाता येते का, हा प्रश्न सहचारिणी हटकून विचारते. उत्तर नकारार्थी आहे. माणसाचे पाऊल पडताच पक्षी उठतात आणि उन्हात उघडी राहिलेली अंडी निकामी होतात. बेटांचा सारा उपयोग ती निर्मनुष्य राहण्यातच आहे. काठावर माशांसाठी मिळणाऱ्या पिठाच्या गोळ्यांचा मोहही आवरावा, कारण न खाल्लेले पीठ तळाशी जाऊन कुजते व पाण्यातील प्राणवायू कमी करते. पुण्य जोडण्याची ही हौस महाराष्ट्रातल्या तलावांनाही तेवढीच महाग पडते.

दुपारी ऊन चढल्यावर पक्षी सुस्तावतात. तेवढा वेळ जवळच्याच कनक वृंदावन या उद्यानात, नाहरगडच्या डोंगरपायथ्याशी, शिदोरी सोडण्यास उत्तम. डोंगरावर अरवलीचा खास धोक वृक्ष दिसतो. हिवाळ्यात त्याची पाने झडतात आणि उतार राखी होऊन जातो.

चारच्या सुमारास पुन्हा पाळीवर यावे. आता प्रकाश पाहणाऱ्याच्या पाठीमागून येतो आणि महालाचा दगड उजळतो. नाहरगडची सावली मात्र लवकर तलावावर सरकते, म्हणून छायाचित्रे साडेचारच्या आत काढलेली बरी. अंधारू लागले की महालावर दिवे लागतात आणि बहुतेक पर्यटक तिकडे वळतात. नेमक्या त्याच वेळी बेटांकडून पंखांची फडफड ऐकू येते. बदके रात्रीच्या चाऱ्यासाठी थव्याथव्याने उठून डोक्यावरून निघून जातात, तर दिवसभर बाहेर असलेले बगळे त्यांनी सोडलेल्या बेटांवर उतरू लागतात.