विजेची गाडी आणि रेडिओची खरखर

आमच्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी आहेत. माणसानं केलेला रेडिओगोंगाट इथं कमी, म्हणूनही ही जागा निवडली गेली. विजेची गाडी असा गोंगाट पोटातच घेऊन फिरते. मोटारीला वीज देणारा इन्व्हर्टर ती सतत तोडतो-जोडतो; त्यामुळं मध्यम लहरींवर खरखर येते. पेट्रोलगाडीतही ठिणगीची खरखर असते, पण बरीच कमी. म्हणून काही कंपन्यांनी विजेच्या गाडीतून एएम रेडिओच काढला. फोर्डनं २०२३ मध्ये तो निर्णय फिरवला.

तुम्ही म्हणाल, फोन जोडा की! नकाशा, गाणी दोन्ही गाड्यांच्या पडद्यावर सारखीच येतात, खरं. पण माळशेज घाटात रेंज गेली की फोनवरची आकाशवाणीही गप्प. एफएम डोंगराआड अडतं. मध्यम लहरी जमीन धरून लांब जातात. दरड कोसळल्याची बातमी मला त्यांच्यावरच हवी.